टेलिफोटो भिंग व क्रीडाछायाचित्रण

टेलिफोटो भिंग व क्रीडाछायाचित्रण : दूर अंतरावरील वस्तूची मोठी प्रतिमा कॅमेऱ्यातील फिल्मवर किंवा अंकीय कॅमेऱ्यातील संवेदकावर मिळविण्यासाठी जो दीर्घ केंद्रांतराचा भिंग संच वापरतात, त्यास सामान्यतः टेलिफोटो भिंग म्हणतात. काटेकोरपणे पाहता ही संज्ञा एका विशिष्ट रचनेची आहे. या रचनेत पुढे अभिसारी (बहिर्गोल) व मागे अपसारी (अंतर्गोल) भिंगगट बसविलेला असतो. त्यामुळे भिंगाची प्रत्यक्ष लांबी त्याच्या केंद्रांतरापेक्षा कमी राहते. साध्या रचनेचे ३०० मिमी. केंद्रांतराचे भिंग फिल्मपासून जवळजवळ तेवढ्याच अंतरावर ठेवावे लागते, तर टेलिफोटो रचनेत हेच काम बऱ्याच आखूड नळीत होते. व्यवहारात मात्र कोणत्याही लांब भिंगास ‘टेलिफोटो’ म्हणण्याचा प्रघात पडला असून येथेही तोच अर्थ घेतला आहे.

क्रीडाछायाचित्रणात या भिंगाची गरज का पडते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. प्रतिमेची उंची ही वस्तूची उंची गुणिले भिंगाचे केंद्रांतर भागिले वस्तूचे अंतर एवढी असते. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर बसलेल्या छायाचित्रकारापासून फलंदाज सु. ७५ मी. अंतरावर असतो. १·८ मी. उंचीच्या या फलंदाजाची प्रतिमा नेहमीच्या ५० मिमी. भिंगाने केवळ १·२ मिमी. उंच येते, १३५ मिमी. भिंगाने ती ३·२ मिमी., ३०० मिमी. भिंगाने ७·२ मिमी. व ६०० मिमी. भिंगाने १४·४ मिमी. होते. फिल्मच्या चौकटीची उंची २४ मिमी. असते, हे ध्यानात घेतल्यास ५० मिमी. भिंगाने काढलेल्या सामन्याच्या छायाचित्रात खेळाडू कोण हे ओळखणेही का कठीण जाते, ते कळून येईल.

टेलिफोटो भिंगापूर्वीचा काळ : लांब भिंगे उपलब्ध होण्यापूर्वी छायाचित्रकारास खेळाडूजवळ जावे लागे किंवा खेळाडूस कॅमेऱ्यासमोर आणावे लागे. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे दौडणाऱ्या घोड्याची जी सुप्रसिद्ध छायाचित्रे घेतली, ती धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडून. जॉर्ज बेल्डम व सी. बी. फ्राय यांचा क्रिकेटमधील थोर फलंदाजांवरील सचित्र ग्रंथ १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला व त्यात रणजितसिंहजींचीही छायाचित्रे होती. परंतु हे सर्व चित्रण सामना चालू नसताना, खेळाडूस फटका मारावयास सांगून जवळून केलेले होते.

महाराष्ट्रापुरते पाहिल्यास या मर्यादेची झळ नेमकी कोणास लागली, हे पाळवणकर बाळू यांच्या उदाहरणावरून दिसते. चर्मकार समाजातील व मूळच्या कोकणातील घराण्यातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्या संघाचे समूहछायाचित्र उपलब्ध आहे. पण बाळूंचा चेंडू सोडतानाचा हात कसा येत असे, पाऊल कोठे पडे, हे जाणण्यास मुख्यतः धावफलक व समकालीनांची वर्णने यांवरच विसंबावे लागते. ज्या खेळाडूंना श्रीमंत आश्रयदात्यांच्या अंगणात कॅमेऱ्यासमोर उभे राहण्याची संधी मिळाली, त्यांच्या शैलीची नोंद राहिली. इतरांची बहुधा राहिली नाही. भिंगाच्या किंमतीचा प्रश्न हा केवळ हौशी मंडळींच्या खिशाचा प्रश्न नाही, तो या अर्थाने क्रीडेतिहासाच्या साधनांचाही प्रश्न आहे.

शोध व विकास : दुर्बिणीचे विवर्धन वाढविण्यासाठी अपसारी भिंग वापरण्याची कल्पना पीटर बार्लो यांनी १८३० नंतरच्या दशकात मांडली होती. छायाचित्रणासाठी तिचा व्यवहार्य उपयोग १८९१ मध्ये झाला. इंग्लंडमध्ये टॉमस रूडॉल्फस डॅलमायर आणि जर्मनीत आडोल्फ मीटे व आडोल्फ श्टाइनहाइल यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याच सुमारास टेलिफोटो भिंगे तयार केली. डॅलमायर यांनी या विषयावर १८९९ मध्ये ग्रंथही लिहिला. ही प्रारंभीची भिंगे प्रकाशाच्या दृष्टीने फार मंद होती. त्यांना लागणारा उद्भासन काल मोठा असल्याने पर्वतशिखरे वा इमारतींचे कोरीवकाम यांसाठी ती ठीक होती, धावत्या मनुष्यासाठी निरुपयोगी. पहिल्या महायुद्धात विमानातून करावयाच्या टेहळणीमुळे लांब भिंगांच्या निर्मितीस चालना मिळाली.

अमेरिकेत १९३० नंतर बेसबॉलच्या वृत्तछायाचित्रकारांनी मोठ्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्यास अवजड लांब भिंगे जोडून जी यंत्रणा उभी केली, तीस जर्मन तोफेवरून ‘बिग बर्था’ असे नाव पडले होते. तीतील एक युक्ती आजही शिकण्यासारखी आहे. केंद्रीकरणाच्या दांड्यास मैदानावरील प्रत्येक ठाण्याच्या (बेसच्या) अंतरासाठी खाच केलेली असे. खेळाडू ज्या ठाण्याकडे धावे, त्या खाचेत दांडा सरकविला की प्रतिमा स्पष्ट होई. म्हणजे धावत्या खेळाडूचा पाठलाग न करता तो जेथे पोहोचणार, ती जागा आधीच साधून ठेवावयाची. साधे, हाताने फिरवावयाचे भिंग वापरणाऱ्यास यापेक्षा चांगला उपाय अद्यापि सापडलेला नाही.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक सामने. त्या सुमारास त्साइस कंपनीने लूटव्हिख बेर्टेले यांनी आखलेले १८० मिमी., एफ/२·८ असे सोनार भिंग पुढे आणले. ते ‘ऑलिंपिया सोनार’ या नावाने ओळखले जाऊ लागले. लहान, हातात धरून चालविता येणाऱ्या कॅमेऱ्यास इतके प्रकाशवान लांब भिंग प्रथमच मिळाले. याच सामन्यांत ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक मिळविले आणि याच प्रसंगी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. मराठी मातीतले खेळ आणि नवे टेलिफोटो भिंग एकाच शहरात एकाच वेळी होते. या दोहोंची सर्वसामान्य गाठ पडण्यास मात्र पुढे कित्येक दशके जावी लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यांचा प्रसार झाला. त्यांत छायाचित्रकार प्रत्यक्ष भिंगातूनच दृश्य पाहत असल्याने लांब भिंगे जोडणे सोपे झाले. निकॉन एफ हा कॅमेरा १९५९ मध्ये आला. अपस्करण अत्यल्प असलेल्या फ्ल्युओराइट स्फटिकाचा उपयोग करून कॅनन कंपनीने १९६९ मध्ये ३०० मिमी. भिंग विक्रीस आणले; लांब भिंगांत वस्तूच्या कडांवर दिसणारी रंगीत किनार त्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली. इंग्लंडमध्ये कसोटी सामन्यांच्या छायाचित्रणाचे हक्क १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत मोजक्या संस्थांपुरतेच मर्यादित होते. ते खुले झाल्यावर पॅट्रिक ईगर यांच्यासारख्यांनी लांब भिंगांच्या साहाय्याने क्रिकेटच्या छायाचित्रणाचे स्वरूपच पालटून टाकले.

किंमतीचे कारण : एकाच केंद्रांतराच्या दोन भिंगांच्या किंमतींत दसपट किंवा अधिक अंतर असते, याचे अनेकांस नवल वाटते. केंद्रांतरास द्वारकांकाने भागले असता भिंगाचा परिणामी व्यास मिळतो. ३०० मिमी., एफ/५·६ भिंगास सु. ५४ मिमी. व्यासाची काच पुरते. एफ/४ साठी ७५ मिमी. व एफ/२·८ साठी १०७ मिमी. लागते. व्यास दुप्पट झाला की काचेचे क्षेत्रफळ चौपट व वजन त्याहूनही जास्त वाढते. शिवाय मोठ्या व्यासाच्या भिंगात विपथने वाढत असल्याने ती दुरुस्त करण्यासाठी विशेष काच व अधिक घटक घालावे लागतात. ३०० मिमी., एफ/२·८ प्रतीचे भिंग अडीच-तीन किग्रॅ. भरते. खरेदीदार जे जास्तीचे पैसे मोजतो, ते लांबीचे नसून प्रकाशाचे असतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

तेव्हा खरा प्रश्न असा, की तेवढा प्रकाश लागतो कोठे? स्वच्छ उन्हात १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला एफ/१६ या द्वारकास सु. १/१०० सेकंद उद्भासन पुरते. तेथून एफ/५·६ पर्यंत द्वारक उघडल्यास झडपेचा वेग १/८०० सेकंदापर्यंत नेता येतो. ताशी १३० किमी. वेगाचा चेंडू १/२५० सेकंदात सु. १४ सेंमी. पुढे सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या दुप्पट लांबीची रेघ उमटवितो. १/१,००० सेकंदात तो साडेतीन सेंमी.च सरकतो. त्यामुळे दुपारच्या क्रिकेटसाठी एफ/५·६ चे स्वस्त भिंग जवळजवळ सर्व काम करू शकते. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत प्रकाश सोळा पटींनी घटला, की त्याच भिंगाने व त्याच फिल्मने १/५० सेकंद मिळतो व चित्र हलते. येथे दोन मार्ग राहतात : चार पट प्रकाश देणारे एफ/२·८ चे महागडे भिंग घेणे किंवा ४०० संवेदनक्षमतेची फिल्म वापरणे. दोन्हींपासून मिळणारा लाभ सारखाच असतो. कोडॅकच्या ट्राय-एक्ससारख्या जलद फिल्म १९५४ पासून ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी मिळू लागल्यावर गरीब छायाचित्रकारांनी बहुतेक वेळा दुसरा मार्ग पतकरला आणि चित्रातील जाडसर कण सोसले. वृत्तपत्राच्या छपाईत ते खपूनही जात. वृत्तपत्री चित्रांच्या जाळीत दर सेंमी.स २५ ते ३० बिंदूच असत. एवढ्या जाड जाळीत उत्तम व मध्यम भिंगातील फरक बहुधा बुजून जाई.

भारतातील परिस्थिती : परकीय चलनाच्या टंचाईमुळे १९५७ च्या सुमारास आयातीवरील निर्बंध कडक झाले आणि कॅमेरे व भिंगे चैनीच्या वस्तूंत गणली गेली. जून १९६६ मधील अवमूल्यनाने डॉलरचा दर ४·७६ रुपयांवरून ७·५० रुपये झाला व आयात माल आणखी महागला. देशात उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी उद्योगात ‘इंदू’ फिल्म तयार होत असे आणि बडोद्यास तयार होणारा क्लिक थ्री हा स्वस्त कॅमेरा घरोघरी पोहोचला होता. पण त्याचे भिंग काढता येत नसे. बदलती भिंगे घेणारा कॅमेरा हवा असल्यास परदेशाहून येणाऱ्या नातलगावर किंवा मुंबईच्या फोर्ट भागातील दुकानांत मिळणाऱ्या वापरलेल्या मालावर भिस्त ठेवावी लागे. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ मध्ये पूर्णतः उठले.

या कोंडीत पूर्व जर्मनी व सोव्हिएट रशिया येथील सामग्रीने मोठा आधार दिला. प्राक्टिका व झेनिट या कॅमेऱ्यांना ४२ मिमी. व्यासाचा व १ मिमी. अंतराच्या आट्यांचा स्क्रू असे. १९७५ पर्यंतच्या जपानी पेंटॅक्स कॅमेऱ्यांनाही तोच असल्याने तिन्ही देशांची भिंगे एकमेकांस चालत. येना येथील १३५ मिमी., एफ/३·५ सोनार, पेंटॅकॉनची २०० मिमी. व ३०० मिमी., एफ/४ भिंगे, सोव्हिएट युपिटर-११ (१३५ मिमी., एफ/४) आणि तायर-३ (३०० मिमी., एफ/४·५) ही यांतील नावाजलेली. तायर-३ ला बंदुकीसारखा दस्ता जोडून १९६५ मध्ये ‘फोटोस्नायपर’ संच काढण्यात आला. दस्ता खांद्यास टेकविल्याने हात स्थिर राहतो, ही त्यातील कल्पना उत्तम असली, तरी गर्दीच्या ठिकाणी असे उपकरण रोखणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार उत्पादकांनी केलेला दिसत नाही.

जपानच्या टॅमरॉन कंपनीने १९५७ मध्ये टी-मात्रिकेची पद्धत सुरू केली. एकच भिंग वेगवेगळ्या कडी बदलून कोणत्याही कॅमेऱ्यास जोडता येई. या पद्धतीची ४०० मिमी., एफ/६·३ भिंगे अतिशय स्वस्त असत. त्यांत द्वारक आपोआप मिटण्याची सोय नसे. परंतु खेळासाठी द्वारक नेहमी पूर्ण उघडाच ठेवावा लागत असल्याने ही उणीव बाधत नसे. अडचण वेगळीच होती : एफ/६·३ च्या अंधूक प्रतिमेत दृश्यदर्शकाच्या मध्यभागी असलेला केंद्रीकरणाचा दुभंग काळा पडतो. टी-कडीचा व्यासही ४२ मिमी.च असतो, पण आटे ०·७५ मिमी. अंतराचे असतात. वरवर सारखे दिसणारे हे दोन स्क्रू जबरदस्तीने बसविण्याच्या नादात अनेक कॅमेऱ्यांचे आटे गेले.

आरशाची भिंगे हा आणखी एक स्वस्त प्रकार. द्‌मीत्री माक्सूतोव्ह यांनी १९४१ मध्ये शोधलेल्या दुर्बिणीच्या रचनेवर आधारलेले एमटीओ-५०० हे ५०० मिमी., एफ/८ भिंग त्याच लांबीच्या काचेच्या भिंगापेक्षा फार आखूड व हलके असते. पण त्याचा द्वारक बदलता येत नाही आणि पार्श्वभूमीतील प्रकाशाचे ठिपके कड्यांसारखे उमटतात. भर उन्हातील नौकाशर्यती वा क्रिकेट सोडल्यास त्याची शिफारस करता येणार नाही. विवर्धक जोडभिंगाची (टेलिकन्व्हर्टरची) गोष्टही अशीच : केंद्रांतर दुप्पट होते, पण प्रकाश एकचतुर्थांश उरतो.

देशी खेळ व कोकण : टेलिफोटो भिंगासंबंधीचा बहुतेक उपदेश क्रिकेट, फुटबॉल अशा विस्तीर्ण मैदानांवरील खेळांना धरून केलेला असतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तो जसाच्या तसा स्वीकारणे म्हणजे पैशाचा अपव्यय होय. येथील जीव कबड्डी व खोखो या खेळांत आहे. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ × १० मी. व खोखोचे साधारणतः २७ × १६ मी. एवढेच असते. कबड्डीत रेषेपलीकडे बसलेल्या छायाचित्रकारापासून चढाई करणारा खेळाडू १० मी.च्या आत-बाहेर असतो, ८५ मिमी. भिंगाने त्याची प्रतिमा १५ मिमी. उंच येते, म्हणजे चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग व्यापते. ३०० मिमी. भिंगाने त्याच ठिकाणी केवळ चेहरा व खांदे मिळतील आणि पकड चित्राबाहेर राहील. या खेळांची खरी अडचण अंतराची नसून उजेडाची आहे. स्पर्धा बहुधा संध्याकाळनंतर, विजेच्या दिव्यांखाली होतात. म्हणून व्यक्तिचित्रणासाठी बनविलेले ८५ मिमी., एफ/१·८ किंवा एफ/२ भिंग हेच कबड्डीचे सर्वांत किफायतशीर टेलिफोटो भिंग ठरते. एफ/५·६ च्या तुलनेने एफ/२ भिंग आठ पट प्रकाश घेते.

खोखोस १३५ मिमी. भिंग सोयीचे पडते. संरक्षकाच्या हुलकावण्या कोठे होतील, याचा नेम नसतो; परंतु खांब हलत नाही. खांबावर भिंग साधून ठेवावे व आक्रमक सूर मारण्याच्या क्षणाची वाट पहावी. बेसबॉलच्या दांड्यावरील खाच ती हीच. बैठकीची पातळी गुडघ्याएवढी ठेवल्यास पाटीवर बसलेल्या खेळाडूंची रांग चित्रात येते व खेळाचे स्वरूप न पाहिलेल्यासही कळते. कुस्तीच्या हौद्यास हेच नियम लागू पडतात.

कोकणात भिंगाचा मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. रत्नागिरीस वर्षाकाठी ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व पावसाळ्याचे चार महिने हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. अशा हवेत भिंगाच्या घटकांमध्ये बुरशी वाढते. प्रथम कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. पुढे बुरशीपासून निघणाऱ्या अम्लांमुळे काचेवरील लेप व अखेरीस काचही कोरली जाते, आणि मग साफसफाईने काही साधत नाही. लांब भिंगांत घटक अनेक व मधली पोकळी मोठी असल्याने धोका अधिक. कातडी पेटी दिसावयास भारदस्त असली, तरी ती ओल धरते. पावसाळ्यात भिंग तीत ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ते ठेवावे आणि जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे. कपाटात लहान विद्युत् दिवा लावून ठेवण्याचा जुना घरगुती उपायही शास्त्रास धरून आहे. हवा किंचित तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते. समुद्रकिनारी वापरल्यानंतर बाहेरील क्षार ओलसर फडक्याने पुसून घ्यावे.

वापरलेले भिंग घेताना मागील बाजूने विजेरीचा झोत टाकून पुढून तिरकस पहावे : बुरशी व घटकांच्या जोडातील फुगवटे तेव्हाच दिसतात. बारीक धूळ चित्रास बाधक नसते. द्वारकाच्या पात्यांवर तेल आले आहे काय, केंद्रीकरणाचे कडे सर्वत्र सारख्या जोराने फिरते काय व दूरचा मनोरा अनंत अंतराच्या खुणेशी स्पष्ट होतो काय, हे तपासावे. पुढील काचेवरील एखाद्या ओरखड्याने किंमत बरीच उतरते, चित्र मात्र फारसे बिघडत नाही. काटकसरी ग्राहकास हा व्यवहार लाभाचा.

अलीकडील बदल : स्थिर छायाचित्रणाच्या ३५ मिमी. कॅमेऱ्यासाठी पहिले बदलत्या केंद्रांतराचे (झूम) भिंग १९५९ मध्ये आले व पुढील तीन दशकांत ७०–२१० मिमी. पल्ल्याची भिंगे सर्वसामान्य झाली. स्वयंकेंद्रीकरणाचा मिनोल्टा ७००० हा कॅमेरा १९८५ मध्ये आणि हाताचा कंप निवारणारे कॅननचे ७५–३०० मिमी. भिंग १९९५ मध्ये आले. कंपनिवारणाबाबत बराच गैरसमज आहे. त्याने छायाचित्रकाराचा हात स्थिर होतो, धावणारा खेळाडू नव्हे. क्रीडाछायाचित्रणात त्यासाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

अंकीय कॅमेऱ्यांनी मात्र स्वस्त भिंगाची बाजू खरोखरच बळकट केली. निकॉन डी१ (१९९९) व त्यानंतरच्या अनेक कॅमेऱ्यांत संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सु. २४ × १६ मिमी. असतो. त्यामुळे २०० मिमी. भिंगाचे दृश्यक्षेत्र फिल्मवरील ३०० मिमी. भिंगाएवढे होते. संवेदनक्षमताही ३,२०० किंवा अधिक ठेवून स्वीकारार्ह चित्र मिळू लागले. ४०० मिमी., एफ/२·८ प्रतीच्या व्यावसायिक भिंगास दहा लाख रुपयांच्या आसपास वा त्याहून अधिक खर्च येतो, तर ७०–३०० मिमी., एफ/४–५·६ भिंग काही दहा हजार रुपयांत मिळते व दिवसाच्या सामन्यास पुरते. आरसा नसलेले कॅमेरे २००८ नंतर प्रचारात आले. त्यांत भिंग व संवेदक यांतील अंतर कमी असल्याने साध्या कडीच्या साहाय्याने ४२ मिमी. स्क्रूची जुनी भिंगे जोडता येतात. विद्युत् दृश्यदर्शकात एफ/६·३ ची अंधूक प्रतिमाही उजळ दिसते आणि स्पष्ट झालेल्या कडा रंगाने दाखविल्या जातात. बुरशीपासून वाचलेली येनाची व सोव्हिएट भिंगे यामुळे पुन्हा कपाटांतून बाहेर निघाली आहेत.